पळायचं असेल तर कोब्रा

एलिट डेंजरस या अंतराळातल्या व्हिडिओ गेममध्ये महागडा माल भरून निघालं की चाचे मागे लागतातच. टाइप-९ या मालवाहू जहाजात माल भरपूर मावतो, पण मूळ वेग सेकंदाला १३० मीटर, बूस्ट दाबला तरी २००. कोब्रा मार्क थ्री बूस्टवर ४०० गाठतं. माल कमी बसतो, तरी धोक्याच्या भागात मी कोब्राच नेते.

जहाज निवडण्याइतकंच पुढचंही महत्त्वाचं. कुणी सुपरक्रूझमधून, म्हणजे एकाच ताऱ्याच्या परिसरातल्या अतिवेगवान प्रवासातून, खेचायला लागलं की झुंजत बसू नका, थ्रॉटल सरळ शून्यावर आणा. असं शरण गेलं की फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह, म्हणजे अशा उड्यांचं यंत्र, लवकर तयार होतो; झुंजून हरलात तर बराच वेळ अडकून पडता. मग बूस्ट मारत दुसऱ्या ताऱ्याकडे उडी घ्यायची. जवळचं मोठं जहाज मास लॉकने, म्हणजे आपल्या वस्तुमानाच्या प्रभावाने, सुपरक्रूझला जाणं लांबवतं, हायपरस्पेसची म्हणजे दुसऱ्या ताऱ्याकडची उडी मात्र त्याला रोखता येत नाही! म्हणून पुढचा तारा आधीच निवडलेला हवा.

माल आणि वेग दोन्ही हवेत? इम्पीरियल क्लिपर. बूस्टवर ३८०, इतक्या मोठ्या जहाजाला हे फारच झालं. त्यासाठी साम्राज्याच्या नौदलात हुद्दा मिळवावा लागतो, आणि मी सध्या त्याच मागे आहे.