आयुष्यभर बॉल अडवले, आता मारते

गोलकीपर कोच व्हायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, डाइव्ह कशी मारायची, क्रॉसला, म्हणजे कडेने गोलसमोर येणाऱ्या उंच बॉलला, कधी निघायचं, हे सगळं अंगात मुरलेलंच आहे, तेच सांगायचं. कामाला लागल्यावर कळलं की इथे सगळ्यात जास्त लागते ती किक. एका सेशनमध्ये शेकड्याने बॉल मारायचे, आणि तेही नेमके: कमरेच्या उंचीवर, डाव्या हाताला, हात पुरेल न पुरेल एवढ्या अंतरावर. बॉल आयता हातात गेला तर सराव होत नाही. पार बाहेर गेला तर पोरीची नुसती आपटाआपटी. खेळणं सोडल्यावर मी रिकाम्या गोलसमोर एकटी उभी राहून किक मारायला शिकले. माझ्या जुन्या टीममधल्या मैत्रिणींना याचं भयंकर हसू येतं.

त्यात त्यांचंही चुकत नाही. मला ज्यांनी शिकवलं ते 1992 च्या आधीच्या फुटबॉलमध्ये वाढलेले. तेव्हा आपल्याच डिफेंडरने बॉल मागे दिला की कीपरने तो खुशाल हातात घ्यायचा आणि वेळ काढायचा. असा मागे दिलेला बॉल, म्हणजे बॅकपास, हातात घ्यायचा नाही असा नियम आला आणि ती चैन संपली, पण शिकवणाऱ्यांच्या सवयी इतक्या लवकर थोड्याच बदलतात! मला त्यांनी हात दिले, पाय दिलेच नाहीत. 2019 पासून तर गोल किकचा, म्हणजे गोलजवळून खेळ पुन्हा सुरू करतानाच्या किकचा, बॉल आपल्या खेळाडूला पेनल्टी एरियाच्या आतच घेता येतो, म्हणजे आपल्या टीमचा पहिला पास कीपरच देते. आणि 2025 पासून बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला की समोरच्या टीमला थेट कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून किक. आधीची मर्यादा सहा सेकंदांची होती, पण रेफ्री ती फारशी मनावर घेत नसत. आता ते शेवटची पाच सेकंदं हात वर करून मोजून दाखवतात. माझ्या पोरी तो हात बघितला की घाबरून बॉल कुठेही भिरकावतात. म्हणून सरावात मी स्वतःच हात वर करून मोजते.

हात मात्र अजूनही मीच शिकवते, आणि त्यात मला कुणाचं ऐकायचं नसतं. लोकांना डाइव्ह दिसते. मला दिसतो तो डाइव्हच्या आधीचा क्षण. समोरचीचा पाय बॉलला लागतो त्या वेळी कीपरचे दोन्ही पाय जमिनीवर हवेत, वजन चवड्यांवर, हात पुढे. याला आम्ही ‘सेट’ म्हणतो. माझ्याकडे एक उंच मुलगी आहे, रिफ्लेक्स असे की हेवा वाटावा, पण शॉट बसताना ती नेमकी एक पाऊल पुढे सरकत असायची. एक पाय हवेत असला की त्या बाजूला झेप घेताच येत नाही. आधी तो पाय टेकवावा लागतो, तोवर बॉल जाळीत. तिला सांगून उपयोग होईना. मग मी गोलच्या मागे जाऊन उभी राहिले आणि प्रत्येक शॉटच्या वेळी फक्त “पाय!” असं ओरडत राहिले. शेवटी वैतागून म्हणाली, “ताई, तुम्ही ओरडलात की मी थांबते आणि थांबले की बॉल दिसतो.” अगं, तेच तर!

पेनल्टीचं तर विचारूच नका. पालकांना वाटतं, कोचकडे काहीतरी गुपित असणार. बॉल 11 मीटरवर, गोल 7.32 मीटर रुंद, आणि 2019 पासून किक बसेपर्यंत कीपरला एकच पाय गोललाइनच्या पुढे टाकता येतो. उरतं काय, तर मारणारीची सवय, तिच्या टेकलेल्या पायाची दिशा, आणि थोडं नाटक.

पेनल्टी म्हटलं की सगळ्यांना 2014 च्या वर्ल्डकपमधला नेदरलँड्सचा राखीव कीपर टिम क्रुल आठवतो. कोस्टा रिकाविरुद्ध क्वार्टरफायनल, एक्स्ट्रा टाइम संपता संपता नेदरलँड्सने मुख्य कीपर सिलेसनला बाहेर काढून क्रुलला आणलं, बरोबरी सुटली नाही म्हणून झालेल्या पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने दोन पेनल्टी अडवल्या आणि टीम जिंकली. पण मला सिलेसनच आठवतो. असं काही ठरलंय याची त्याला आधी कल्पनाच दिली नव्हती. बाहेर येताना त्याने बाटलीला लाथ घातली. पुढच्या सेमीफायनलला खेळाडू बदलायची मुभा संपली होती, तेव्हा अर्जेंटिनासमोर पेनल्टीला तोच उभा राहिला. एकही अडली नाही. डावपेच म्हणून ती चाल अफलातून होती, मान्य. पण मी त्याची कोच असते तर त्याला आधी सांगितलं असतं.

कारण या कामातला अवघड भाग किक नाहीच. अवघड असते दोन नंबरची कीपर. डिफेंडरला जागा बदलून खेळवता येतं, शेवटची वीस मिनिटं उतरवता येतं. कीपरची जागा एकच. दुसरी तेवढाच घाम गाळते, तेवढीच आपटते आणि मॅचला बाकावर बसते. नुनो एस्पिरिटो सान्तो 2004 मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या पोर्तोमध्ये असाच राखीव कीपर होता, पुढे नावाजलेला कोच झाला. बाकावरून खेळ चांगला दिसतो, असं म्हणायला सोपं आहे. सतरा वर्षांच्या मुलीला ते ऐकवलं तर ती माझ्याकडे कशी बघेल, ते मला माहीत आहे.

म्हणून मी एवढंच करते: मॅचच्या आदल्या दिवशी, टीम जाहीर व्हायच्या आधी, जिला बसायचं आहे तिला बाजूला घेऊन सांगते. कारणासकट. फोनवर नाही, मेसेजवर तर नाहीच. कधी ती रडते, कधी भांडते. परवा एकीने विचारलं, “मग मी करू काय अजून?” क्रॉसला उशिरा निघतेस, म्हटलं. उद्या अर्धा तास आधी ये, बॉल मी मारते.