वेलदोडा मावतो का?

कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती ठरवायला गेलेला माणूस आधी डोळे बघतो. किरीट, सोंड, पितांबराचा रंग हे सगळं मागाहून. आखणी पसंत पडली नाही की पुढच्या मांडवात. ही खोड जात नाही. त्यामुळे भाच्यानं परदेशातून मागवलेलं लिमिटेड एडिशन 'आर्ट टॉय' हातात आलं, तेव्हा मी त्याचेही आधी डोळेच पाहिले.

ही खेळणी पोरांसाठी नसतात. चित्रकार-डिझायनर मंडळी ती मोजक्या नगांत काढतात आणि कमावती माणसं ती काचेच्या कपाटात ठेवतात. हाँगकाँगचा मायकेल लाऊ आणि न्यूयॉर्कचा 'कॉज', म्हणजे ब्रायन डॉनेली, यांच्या १९९९ च्या कामांपासून या नादाला जोर आला. कॉजच्या 'कम्पॅनियन'ला डोळ्यांच्या जागी चक्क फुल्या आहेत. आखणीची कटकटच मिटवली पठ्ठ्यानं! २००१ पासून जपानचं 'बेअरब्रिक' नावाचं अस्वल आलं. ते लहानमोठ्या मापांत मिळतं आणि आकार टक्क्यांत सांगतात, ७ सेंटीमीटरचं ते शंभर टक्के, ७० सेंटीमीटरचं ते हजार टक्के. आपल्याकडं मूर्ती फुटात मागतात, ते बरं.

आमच्या घरी आलेला प्राणी वीतभर उंच. कान सशाचे, पोट सावकाराचं, तळपायावर नग क्रमांक. सॉफ्ट व्हिनाइलचा, म्हणजे मऊ प्लॅस्टिकचा आहे, आणि इथं मात्र कारागिराला मानलं पाहिजे. धातूच्या अखंड साच्यात पातळ व्हिनाइल ओततात, साचा तापवतात, कडेला साय धरली की आतलं उरलेलं ओतून टाकतात. मग पुन्हा तापवून, माल गरम आणि मऊ आहे तोवर, साच्याच्या अरुंद तोंडातून पक्कडीनं ओढून बाहेर काढायचा. साच्याचे दोन भाग नसल्यामुळं अंगावर जोडाची रेघ येत नाही. पोटावरून बोट फिरवलं, कुठं अडकलं नाही. हात-मान वेगळ्या ओतून बसवलेल्या आहेत. काढायच्या असतील तर गरम पाण्यात धरायच्या, म्हणजे सैल होतात. (भाच्यानं हा प्रयोग करू दिला नाही.)

डोळे मात्र फसलेत. डावी बाहुली केसभर वर गेली आहे, त्यामुळं गडी सारखा पंख्याकडं बघतोय असं वाटतं. "मामा, तो आर्टिस्टिक एक्स्प्रेशन आहे," असं मला सांगण्यात आलं. असेल. कुंभार गल्लीत असल्या एक्स्प्रेशनला गिऱ्हाईक मिळत नाही.

पण खरी गंमत त्याच्या पाठीवर आहे. सोबत अ‍ॅक्सेसरी म्हणून एक चिमुकली पेटी येते. ती लोहचुंबकानं पाठीला चिकटते, 'टक्' असा आवाज होतो, आणि तो आवाज ऐकायला मी ती उगाच काढत-लावत बसलो. पेटीला झाकण, झाकणाला खरी बिजागरी. आत काही नाही. बाकी सगळ्या बाहुल्याला 'हात लावू नकोस' लिहिल्यासारखं वाटतं, ही रिकामी पेटी मात्र काहीतरी मागते. माझ्या धाकटीनं तिच्यात आधी लवंग घालून पाहिली, मग वेलदोडा. मावला. झाकणही लागलं. मग त्या सशानं वेलदोडा कुणाकडं पोचवायचा यावर तिचं आणि तिच्या आजीचं बराच वेळ चाललं होतं.

नगांवर मर्यादा घातली की वस्तू दुर्मीळ होते, हे मला पटत नाही. बेंदराला आपण मातीचे बैल आणतो, त्यांचे नग कोण मोजतं? तेवढ्या चार दिवसांत मिळतात, पोरं ते पाटावर पुजतात आणि नंतर खेळतात, शिंगं मोडेपर्यंत. एखाद्याच्या पायाखाली क्रमांक घातला असता तर पोरांनी तो ओल्या बोटानं पुसला असता.

भाच्यानं मार्क विचारले. बाहुल्याला दहापैकी सहा, गेलेल्या चारांतला एक डोळ्यांपायी. पेटीला नऊ, नाद खुळा. पेटी सुटी विकत मिळत असेल तर मला दोन सांग, म्हटलं. त्याचं लक्ष नव्हतं. तो पेटी नाकाशी धरून बसला होता.

"मामा, वेलदोड्याचा वास लागलाय. आता रीसेलला कोण घेणार हे?"