खडकवासल्याला शिडाच्या बोटींची नॅशनल्स खेळायला येताय? मग थांबायची तयारी करून या

आधी राहण्याचं बोलतो, कारण बाहेरगावचे लोक तिथेच फसतात. खोली किरकटवाडी, नांदेड किंवा खडकवासला गावातच बघा. पुण्यात कुणाचा तरी फ्लॅट रिकामा असतोच, पण तो विमाननगरला निघाला तर गोड बोलून नाही म्हणा. मुंबईहून बोटीचा ट्रेलर आणत असाल तर बायपासने वडगावला उतरायचं आणि सिंहगड रोड धरायचा. फक्त रविवारी दुपारनंतर ट्रेलर हलवू नका. सिंहगड-पानशेतहून परतणारं सगळं पुणे तेव्हा धरणाच्या चौपाटीवर कणसं आणि भजी खायला थांबलेलं असतं.

आम्ही एंटरप्राइज चालवतो. १९५६ साली जॅक होल्टने आखलेली ही जेमतेम चार मीटरची, दोघांची बोट. हिला ट्रॅपीझ, म्हणजे बाहेर लटकायची तार नाही, आणि स्पिनेकर, म्हणजे पुढचं फुगणारं मोठं शीडही नाही. वारा वाढला की दोघांनी पायपट्ट्यांत पाय अडकवून बाहेर झुकायचं, एवढंच. मी सुकाणूवर आणि जिबवर, म्हणजे पुढच्या लहान शिडावर, माझा मावसभाऊ.

मुंबई बंदरात खेळणाऱ्यांना इथे पहिले दोन दिवस हात बांधल्यासारखं होतं. समुद्रात भरती-ओहोटीचा हिशेब जमला की निम्मं काम झालेलं असतं. इथे तो हिशेबच नाही आणि वारा तर डोंगरांना विचारून येतो. आम्ही होतो त्या थंडीच्या दिवसांत सकाळी पाण्यावर सुरकुतीसुद्धा नसायची. रोज वेळेवर शिडं चढवून तयार व्हायचं, की काठावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा पोस्टपोनमेंटचा झेंडा वर! मग बारा-एक वाजेपर्यंत बसून राहा.

या बसण्याला कंटाळलात तर नॅशनल्स हुकलीच म्हणून समजा. आम्हाला इथली सगळ्यात कामाची गोष्ट अशाच एका रिकाम्या सकाळी कळली. आदल्या दिवशी लष्कराच्या दोन बोटी सगळा ताफा सोडून काठाला चिकटून वाऱ्याच्या दिशेने वर गेल्या होत्या आणि पहिल्या मार्कवर, म्हणजे वळसा घालायच्या बोयावर, आमच्या कितीतरी पुढे होत्या. चहाच्या टपरीवर त्यांच्यातले एक सुभेदार भेटले. भावाने सरळच विचारलं, "साहेब, कल उधर क्या दिखा आपको?" त्यांनी ग्लास बाकावर ठेवला, बोटाने डोंगराची सोंड दाखवली आणि म्हणाले, "पानी मत देखो, पहाड़ देखो. हवा वहीं से मुड़ती है." मग बाकावर सांडलेल्या चहात बोट बुडवून वाऱ्याची वाट काढून दाखवली: सोंडेला वळसा घालून झोत काठाजवळ उतरतो आणि मधल्या पाण्यात पोचेपर्यंत त्याचा दम जातो. त्या दुपारी आम्हीही काठ धरला. पहिले नाही आलो, पण पहिल्या दहांत होतो.

हैदराबादच्या हुसेनसागरावर किंवा भोपाळच्या बड्या तलावावर वाढलेली पोरं हे न सांगता ओळखतात. त्यांच्याशी गप्पा मारा. सांगायला कुणी कंजूषी करत नाही, फक्त विचारायला लाज वाटता कामा नये. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) पीकॉक बेचं पाणीही याच जलाशयाचं. तिकडची हद्द लष्करी आहे, त्यामुळे ओळखपत्र जवळ असू द्या आणि ड्रोन घरीच ठेवा.

एकदा वारा आला की धावपळ उडते. स्टार्टला पाच मिनिटं उरताना इशारा, चार उरताना तयारीचा झेंडा, एक मिनिट उरताना तो खाली, मग स्टार्ट. वारा मरतुकडा असला की स्टार्टच्या लाइनच्या फार मागे राहू नका, बोटीला वेग घ्यायला वेळ लागतो. पण काळा झेंडा असेल तर शेवटच्या मिनिटात लाइनच्या पुढे नाकही काढू नका, त्या शर्यतीतून तुम्ही बाद होता. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, कमी गुणांचा जिंकतो. ठरलेल्या शर्यती झाल्या की तुमचा सर्वात वाईट निकाल वगळतात, म्हणून एका वाईट दुपारने डोकं फिरवून घेऊ नका.

कुणाची बोट नियम मोडून तुमच्या बोटीला घासली तर तिथल्या तिथे "प्रोटेस्ट", म्हणजे तक्रार, असं ओरडा. सहा मीटरच्या आतल्या बोटींना लाल झेंडा दाखवावा लागत नाही, त्यामुळे आवाज मोठा हवा. सुनावणीची वेळ सूचनाफलकावर लागते, ती बघितल्याशिवाय जेवायला जाऊ नका. आमच्या शेजारच्या जोडीचा दावा त्यामुळेच गेला. मजा म्हणजे, दुसऱ्या एका दाव्यात सुनावणीच्या खोलीत एकमेकांवर तुटून पडलेले चौघं रात्री एकाच ताटातलं पिठलं-भाकरी खात होते.

वारा लवकर पडला त्या दिवशी काही जण सिंहगडावर मडक्यातलं दही खायला गेले, आम्ही सदाशिव पेठेत मस्तानी प्यायला. येताना ट्रॅफिकमध्ये सव्वा तास गेला. दही बरं पडलं असतं.

सामानात जाड जर्किन घ्याच. कोरडे कपडे आणि टोपीही हवी, कारण पाण्यातून बाहेर आल्यावर सूर्य डोंगराआड गेलेला असतो आणि दात वाजतात. गोड्या पाण्यामुळे रोज मीठ धुवायची कटकट मात्र वाचते. हेच पाणी पुढे पुणेकरांच्या नळाला जातं, तेव्हा चिकटपट्टीचा तुकडासुद्धा त्यात टाकू नका.

बक्षीस समारंभ झाला की लगेच ट्रेलर जोडू नका. जुनी शिडं, ब्लॉक (दोरीच्या कप्प्या), टिलर एक्स्टेन्शन (सुकाणूची लांब दांडी) यांचा खरा बाजार त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये भरतो. चेन्नईकर एकाने जिब दाखवली, भावाने ती उजेडात धरून शिवण तपासली, किंमत निम्म्यावर आणली आणि मला म्हणाला, "दादा, फोन दे, माझं नेटवर्क गेलंय."