गार कळेना, हात मात्र कळतोय

गुडघ्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन पाठीतून भूल देऊन करायचं ठरलं, तेव्हापासून मला एकच धास्ती होती: नीट बधिर व्हायच्या आत सुरुवात केली तर?

टेबलावर बसवून पोटाशी उशी दिली. "हनुवटी छातीला टेकवा, पाठ मांजरासारखी बाहेर काढा," भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्याही खाली जाते, हे त्यांनी आदल्या दिवशी चित्र काढून समजावलं होतं. त्या चित्रामुळेच मला रात्री झोप लागली. जेमतेम ३ मिलिलिटर औषध गेलं आणि मला आडवं केलं.

आधी तळपाय गरम झाले, ऊन पाण्यात सोडल्यासारखे. मग मॅडमनी स्पिरिटचा बोळा खांद्याला लावला. गार. मांडीला लावला. गार नाही. पण बोळा फिरतोय हे स्वच्छ कळत होतं! "मॅडम, मला कळतंय, थांबा," मी जवळजवळ ओरडलेच.

"कळू दे," त्या म्हणाल्या. "गार आणि टोचणं वाहून नेणारे तंतू बारीक असतात, ते लवकर बंद पडतात. स्पर्शाचे जाड, ते मागाहून. हात लावलेला कळेल, ओढल्यासारखं वाटेल, दुखणार नाही. दुखलंच तर लगेच सांगा, मी इथेच आहे." औषध चेतातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा अडवतं, त्यामुळे पायाकडून निघालेला संदेश मज्जारज्जूपर्यंत पोचतच नाही. हे आदल्या दिवशीच सांगितलं असतं तर मी इतकी घाबरले नसते. सगळ्याच पेशंटना ते सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बोळा वर सरकत गेला. बेंबीच्या जरा वर एकदम गार लागलं. तिथवर भूल चढली होती.

मग औषध लावायला सिस्टरनी एक पाय उंच धरला. माझा पाय तर टेबलावर सरळ पडलेला मला जाणवत होता! समोरचा पाय माझाच, हे डोळ्यांना पटत होतं, अंगाला पटत नव्हतं. पाय कुठे आहे ही खबरही त्याच वाटेने येते.

ऑपरेशनभर ढकलल्यासारखं वाटलं, दुखलं अजिबात नाही. दोनेक तासांनी अंगठा हलला. गार अजून कळत नव्हतं. भूल पुरती उतरायच्या आत दुखण्याचं औषध द्या, असं मी सिस्टरना तेव्हाच सांगून ठेवलं.