बॉनेटखालचा काळा थर घरीच काढला

इंजिनाच्या एका बाजूने तेल ओघळल्यासारखं दिसत होतं. पण तेल आणि धूळ मिळून इतका काळा थर बसला होता की ते नेमकं कुठून येतंय, हे कळायला मार्गच नव्हता. म्हणून ही सफाई. चकाकीची हौस मला नव्हती.

सकाळी, गाडी सुरू करायच्या आधीच काम काढलं. इंजिन पूर्ण थंडच हवं. तापलेल्या एक्झॉस्टवर गार पाणी पडलं तर धातूला तडा जाऊ शकतो, क्लीनर लगेच वाळून डाग पडतात, आणि काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा अचानक फिरायला लागतो. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवलं. काचेखालच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा हातानेच काढला, सुकी धूळ ब्रशने झटकली.

मग झाकाझाकी. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इग्निशन कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड, सगळ्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून टेप लावली. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) घट्ट बसलीय ना, तेही पाहिलं. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आणि तो जायलाच हवा.

प्रेशर वॉशर मी जवळही आणला नाही. कनेक्टरची रबरी सीलं शिंतोडे अडवतात, पण जोराची धार त्यांच्या आत घुसते. स्पार्क प्लगच्या खोबणीत पाणी साचलं की इंजिन मिसिंग करायला, म्हणजे अडखळत चालायला लागतं. स्प्रेची बाटली आणि ओलं फडकं एवढ्यावर सगळं भागलं.

डिग्रीझर, म्हणजे तेलकट थर काढणारा क्लीनर, पाण्यावर आधारित घेतला आणि पातळ करून वापरला. पेट्रोल किंवा रॉकेलने इंजिन पुसायचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका. त्याची वाफ एका ठिणगीने पेटते आणि रबरी पाइपही खराब होतात. हातमोजे आणि चष्मा घालून थोडा थोडा भाग घेतला: फवारा, काही मिनिटं थांबा, ब्रशने घासा, वाळायच्या आत पुसा. बेल्टवर मात्र काहीच मारलं नाही. क्लीनर किंवा पॉलिश लागलं की तो घसरतो. खाली जुनी फडकी अंथरली होती, कारण तेलकट पाणी गटारात जाऊ देणं मला पटत नाही.

गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर जास्त व्होल्टेजच्या केशरी केबलींच्या वाटेला जाऊच नये. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

थंड हवेच्या ब्लोअरने कानेकोपरे सुकवले, पिशव्या काढल्या, बॉनेट बराच वेळ उघडं ठेवलं. सगळं कोरडं झाल्यावर निगेटिव्ह जोडलं आणि इंजिन थोडा वेळ आयडलिंगवर ठेवून आवाज नीट ऐकला.

काही दिवसांनी बॉनेट उघडलं, तर स्वच्छ धातूवर टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) कडेपासून खाली आलेली तेलाची ताजी रेघ स्पष्ट दिसली. मेकॅनिकला जागा बोट ठेवून दाखवली आणि फक्त तिथलं पॅकिंग बदलून काम झालं.