कर्जातून शेअर का कापतात? हर्मन शुल्झे-डेलिच

नागरी सहकारी बँकेतून कर्ज उचललं की हातात पडणाऱ्या रकमेतून शेअरचे पैसे आधीच वळते झालेले असतात. तारणी कर्जाला अडीच टक्के, विनातारण असेल तर पाच, हा नेहमीचा हिशेब. वर प्रवेश फी, सभासदत्व आणि जामीनदारांच्या सह्या. ‘माझ्याच कर्जातून माझेच पैसे का कापता?’ हा प्रश्न काउंटरवर रोज कुणीतरी विचारतं. त्याच्या उत्तराचा माग काढत गेलं तर आपण सॅक्सनीतल्या डेलिच नावाच्या छोट्या गावात पोहोचतो.

फ्रान्झ हर्मन शुल्झे यांचा जन्म तिथला, २९ ऑगस्ट १८०८ चा. लाइपझिग आणि हाले इथे कायदा शिकून १८४१ मध्ये ते गावातच जहागिरीच्या न्यायालयात न्यायाधीश झाले. कविताही करत. १८४६-४७ च्या टंचाईत त्यांनी मदत समिती काढली, धान्य घेतलं, गिरणी आणि बेकरी भाड्याने घेऊन गरिबांना पाव पुरवला. १८४८ मध्ये ते प्रशिया या जर्मन राज्याच्या राष्ट्रीय सभेवर निवडून गेले. शुल्झे हे आडनाव तिकडे आपल्या पाटलांइतकं सर्रास, म्हणून ओळखीसाठी गावाचं नाव जोडलं गेलं आणि तेच पुढे कायम चिकटलं. सभेत कारागीर आणि मजुरांच्या अर्जांची छाननी करणाऱ्या समितीचं काम त्यांच्याकडे होतं. छोट्या कारागिराचं नेमकं काय अडतं, हे त्यांना त्या कागदांच्या ढिगाऱ्यातून कळलं असणार.

राजाने सभा गुंडाळायला घेतली तेव्हा सभेने ‘सरकारला कर देऊ नका’ असा ठराव केला. शुल्झे त्या ठरावाच्या बाजूचे. खटला झाला, १८५० मध्ये निर्दोष सुटले, पण बदली झाली थेट पोझेन प्रांतातल्या व्रेशेनला, म्हणजे आजच्या पोलंडमध्ये. सुटीत डेलिचला जाण्यावरून वरिष्ठांशी वाजलं आणि १८५१ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. सरकारने त्यांना गप्प बसवायला पाहिलं आणि सहकाराला पूर्णवेळ कार्यकर्ता मिळवून दिला.

तोवर डेलिचमध्ये काम सुरू झालं होतं. १८४९ मध्ये जोडे शिवणाऱ्यांची कच्चा माल खरेदी संस्था निघाली. एकटा कारागीर व्यापाऱ्याकडून चामडं थोडं थोडं आणि उधारीवर घेई. त्यात किरकोळीचा चढा भाव आणि उधारीचं छुपं व्याज, दोन्ही त्याच्याच डोक्यावर. सगळ्यांनी मिळून घाऊक उचल करायची, एकमेकांसाठी जबाबदार राहायचं, वर खर्चापुरता थोडा भाव लावून माल सभासदांना द्यायचा, इतकी साधी ही व्यवस्था.

१८५० ची कर्ज देणारी संस्था मात्र पहिल्या खेपेला फसली. तिचं भांडवल गावातल्या सधन लोकांच्या देणग्यांतून आलं होतं. देणगीच्या पैशाची अडचण अशी की घेणाऱ्याला तो फुकटचा वाटतो, फेडीची घाई नसते आणि देणाऱ्यांचा उत्साह ओसरला की तिजोरीही आटते. शेजारच्या आयलेनबुर्गमध्ये डॉक्टर बर्नहार्डी यांनी देणगी बाजूला ठेवून सभासदांच्या संयुक्त जबाबदारीवर पैसा उभारला आणि ती संस्था चालली. शुल्झे यांनी १८५२ मध्ये आपली संस्था त्याच धर्तीवर बदलली. दुसऱ्याचं बरोबर ठरलं म्हणून आपलं मोडून नव्याने बांधणारे पुढारी थोडे. मला त्यांचा हाच गुण सर्वांत मोठा वाटतो.

त्यानंतरचा साचा आपल्या ओळखीचा आहे. कर्ज फक्त सभासदाला. प्रत्येकाने शेअर घ्यायचा, पण एकरकमी नाही. दरमहा थोडे थोडे भरून. नफ्यातला वाटा राखीव निधीकडे, उरलेला लाभांश. कर्जाची मुदत साधारण तीन महिने, गरजेनुसार वाढवून, आणि मागे जामीनदार. बाहेरून ठेवी घ्यायच्या त्या सर्व सभासदांच्या अमर्यादित जबाबदारीवर. संस्था बुडाली तर धनको कुठल्याही सभासदाच्या घरादारावर येऊ शके. अशी हमी असल्याशिवाय गरीब कारागिरांच्या संस्थेत परका माणूस पैसे ठेवणार कशाला? आता शेअर कपातीचं कारण कळतं: कर्जदाराचा स्वतःचा पैसा आत अडकलेला असला की तो संस्थेच्या हिशेबावर लक्ष ठेवतो, आणि भांडवल कर्जाबरोबर वाढत जातं.

अमर्यादित जबाबदारीच्या कलमात दुखणंही होतं. अडचण आली की वसुली ज्याच्याकडे काही आहे त्याच्याकडून होणार. त्यामुळे खाऊनपिऊन सुखी माणूस सभासद व्हायला कचरे.

त्यात संस्थेला कायद्याच्या लेखी अस्तित्वच नव्हतं. तिच्या नावावर ना मालमत्ता, ना दावा. इथे शुल्झे यांच्यातला कायदेपंडित कामी आला. १८६७ चा प्रशियाचा सहकार कायदा आणि १८६८ चा उत्तर जर्मन संघाचा कायदा मुख्यतः त्यांच्या मसुद्यांवर उभा आहे. १८६१ मध्ये ते प्रगतीशील पक्षाच्या संस्थापकांत होते, पुढे राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेतही बसले. त्यांची पुस्तकंही या कामातूनच आली: १८५३ चं कारागिरांसाठीचं सहकारावरचं पुस्तक, १८५५ चं लोकबँकांवरचं. दोन्हींत संस्था कशी काढावी, हे शिकवलेलं आहे.

समाजवादी पुढारी लासालने १८६४ मध्ये त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहून तोफ डागली: कामगाराला बचतीने काय मिळणार, सरकारने भांडवल द्यावं. शुल्झे सरकारी पैशाला शेवटपर्यंत नकार देत राहिले. पण लासालच्या टीकेत तथ्य होतं. त्यांच्या बँकांत कारागीर आणि दुकानदारांची गर्दी होती, कारखान्यातल्या मजुराच्या हाती फारसं काही लागलं नाही.

खेड्यांत शेतकऱ्यांच्या पतसंस्था काढणाऱ्या राइफायझनशी वाद अधिक व्यवहारी होता. शेतकऱ्याला तीन महिन्यांचं कर्ज घेऊन काय करायचं, पीक तरी हाती यायला हवं ना, असं राइफायझनचं म्हणणं. शुल्झे यांचं उत्तर ठेवीदाराच्या बाजूचं: ठेव थोड्या मुदतीची घेऊन कर्ज वर्षानुवर्षांचं दिलं, तर ठेवीदार दारात उभा राहील त्या दिवशी काय करणार? दोघांचंही बरोबर होतं, आपापल्या गावापुरतं. आपल्याकडच्या १९०४ च्या सहकार कायद्याने जबाबदारीच्या बाबतीत गाव आणि शहर अशीच वाटणी केली: ग्रामीण पतसंस्थांना अमर्यादित जबाबदारी, नागरी संस्थांना निवडीची मुभा.

शुल्झे २९ एप्रिल १८८३ रोजी पॉट्सडॅममध्ये वारले. तेव्हा जर्मनीत त्यांच्या पद्धतीच्या सुमारे ३,५०० संस्था होत्या. मर्यादित जबाबदारीची सोय तिकडच्या कायद्यात १८८९ मध्ये आली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी सुरू झाली, तेव्हा सहकाराचा कायदा इथे अजून नव्हता.