सायकलची शिवाशिवी

डिसेंबरचा शेवटचा रविवार उजाडायच्या आत आमच्या पेठेत पंपांची फसफस सुरू होते. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे त्याला जमाना झाला, पण आमच्या मंडळाने हा एक दिवस काही सोडलेला नाही. गणपतीत दहा दिवस मांडवात राबणारी मंडळी माकडटोप्या चढवून, गंजलेल्या सायकली पुसून कट्ट्यापाशी जमतात. कोणाची चेन तिथेच पडते, कोणाला आठवतं की मागच्या चाकात वर्षभर हवाच नव्हती.

खेळ साधा आहे. ज्याच्यावर राज्य, त्याने आदल्या आठवड्यात गुपचूप कुठेतरी जायचं, सायकल टेकवायची आणि फोटो काढायचा. फोटोत सायकल हवी आणि जागेचा एखादाच तुकडा हवा. शनिवारवाड्याचा अख्खा दिल्ली दरवाजा दाखवला तर तो पेपर फोडणं झालं. दाराचा एक अणकुचीदार खिळा आणि शेजारी हँडलची मूठ, इतकंच दाखवायचं. रविवारी साडेसहाला फोटो फळ्यावर लागला की बाकीच्यांनी भोज्या हुडकायचा आणि आपली सायकल टेकवून यायचं. जो पहिला शिवेल त्याच्यावर पुढच्या वर्षीचं राज्य. एरवी राज्य चुकवायला पोरं जिवाच्या आकांताने पळतात; आमच्यात ते मिळावं म्हणून साठीची माणसं सिग्नलला उतावीळ होतात.

मी सांगलीहून लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा हा सगळा रोलवाल्या कॅमेऱ्याचा कारभार होता. ३६ फोटोंचा रोल घरोघरी मुंजी-बारशांना पुरवून वापरत. शिवल्याचा पुरावा म्हणून प्रत्येकाने फोटो काढायचा म्हटलं तर मंडळाचं दिवाळं निघालं असतं. म्हणून राज्यवाल्याच्या घरचं कोणीतरी त्या जागी हातात पेपर धरून, अगदी साळसूद चेहऱ्याने बसायचं. सायकल टेकली की खिशातून मंडळाच्या पावत्यांचा शिक्का काढून तळहातावर ठोकायचं. ती जांभळी शाई सोमवारीसुद्धा जायची नाही. पोळ्या लाटताना माझ्या हातावर मंडळाचं अर्धं नाव बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "आता तू पेठेची झालीस." ज्या सायकलने ते घडलं ती त्यांचीच होती, बिनदांडीची, पुढे जाळीची बास्केट असलेली.

पहिली दोन वर्षं मी लिंबूटिंबूच होते. आजूबाजूचे लोक फोटो बघून "हां, हे तर अमक्याचं" म्हणत सुसाट निघायचे आणि मी कोणाच्या तरी मागच्या मडगार्डवर नजर ठेवून जायचे. त्यातलं एक वर्ष मारुतीचं होतं. फोटोत एक पायरी, शेंदरी रंगाचा ओघळ आणि पुढचं चाक. पुण्यात शेंदराचा ओघळ कुठे नाही? जिलब्या मारुती झाला, पत्र्या झाला, उंटाड्या झाला, भिकारदास झाला. एका देवळापाशी मी फुलवाल्या बाईंना विचारलं, "काकू, हा कोणता मारुती हो?" त्या म्हणाल्या, "नाव विचारून नमस्कार करतेस होय? आधी कर." उत्तर डुल्या मारुती निघालं. तोवर मला निम्म्या पुण्याचं दर्शन घडलं होतं.

मग गेंड्याचं वर्ष आलं. राज्य होतं चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांवर. त्यांच्या फोटोत मडगार्डच्या मागे काळ्या दगडात कोरलेला गेंडा होता, चक्क साखळदंडाने बांधलेला. फळ्यापुढे शांतता पसरली. पुण्यात गेंडा? एक जण पेशवे पार्कात गेला, एक बहाद्दर थेट कात्रजला प्राणिसंग्रहालयात. दोघे जण शनिवारवाड्याच्या तटाभोवती फेऱ्या मारत राहिले, तिथे हत्तींचा बंदोबस्त होता म्हणून गेंड्याचाही असेल या हिशेबाने. मला सोमवार पेठेत पंक्चर झालं. दुकानदाराने टायर उलटून ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडे येईनात, आणि मी कंटाळून पायी पुढच्या गल्लीत शिरले. समोर त्रिशुंड गणपतीचं देऊळ. दर्शनी भिंत नखशिखांत कोरलेली, आणि तिच्यावर तो गेंडा, सोबत टोपीवाले शिपाई. मी धावत मागे गेले आणि एक चाक नसलेली सायकल उचलून देवळापर्यंत आणली. सरांच्या सूनबाई पायरीवर बसल्या होत्या. चाक नसलेली सायकल चालते का, यावर त्यांनी बराच विचार केला आणि मग शिक्का ठोकला.

आत जाऊन बघितलं तर मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती. १७५४ साली बांधायला घेतलेलं आणि १७७० साली पुरं झालेलं हे देऊळ आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. आम्ही दर बुधवारी त्याच्या पाठीमागून भाजीला जात होतो.

माझ्या राज्याच्या वर्षी मी पेठा सोडून लांब गेले, बंडगार्डनच्या जुन्या फिट्झगेराल्ड पुलावर. तिथल्या दगडी सिंहाचा पंजा आणि माझी बास्केट असा फोटो काढला. "हा कुठला परदेशातला फोटो आणला," म्हणून बरीच कुरकुर झाली. सदाशिव पेठेच्या मानाने बंडगार्डन परदेशच म्हणा. त्या वर्षी पहिली सायकल सव्वादहाला पोचली, आणि इकडे खेळानंतरच्या मिसळीचं सॅम्पल तीनदा गरम करावं लागलं. मिसळीबद्दल वेगळं लिहायला हवं, पण ते भांडण फार जुनं आहे.

पर्वतीचं वर्ष मात्र कोणीच विसरणार नाही. एका कॉलेजच्या पोराने सायकल खांद्यावर मारून १०३ पायऱ्या चढवली आणि वरच्या कट्ट्याला टेकवून फोटो काढला. मागे नुसतं धुकं. नियम नियम असतो, मग पंधरा सायकली खांद्यांवरून पर्वती चढल्या. फिरायला आलेले एक आजोबा थांबून म्हणाले, "वर पंक्चरचं दुकान नाही, आधीच सांगून ठेवतो." पुढच्या वर्षी फळ्यावर खडूने ओळ आली : 'सायकलने माणसाला न्यावे. माणसाने सायकलला नेऊ नये.'

मंडळाच्या कपाटात या सगळ्या फोटोंचे अल्बम आहेत. ते सांभाळतात खेळाच्या गुणांची वही ठेवणारे काका. गुडघ्यांमुळे त्यांची सायकल सुटली, वही सुटली नाही. अल्बममध्ये भिडेवाड्याचा एक फोटो आहे, लाकडी खांबाला टेकलेली हिरवी सायकल. त्या वर्षी सगळे चिडले होते, कारण दगडूशेठच्या समोरची जागा दहा मिनिटांत सापडली आणि मिसळ व्हायच्या आत खेळ संपला.

२०२३च्या डिसेंबरात भिडेवाडा पाडला. १८४८ साली फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती जागा, आता तिथे स्मारक होणार. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी राज्य असलेल्या मुलीने नवा फोटो काढलाच नाही. अल्बममधला तोच खांब आणि तीच हिरवी सायकल तिने फळ्यावर लावली. पोरं मोबाइलवर मोठं करकरून बघत होती. विश्रामबागवाडा, नानावाडा, तुळशीबाग, जिथे जिथे म्हणून लाकडी खांब आठवला तिथे तिथे जाऊन आली. शेवटी दोघांना पत्ता लागला. त्यांनी तिथे लावलेल्या पत्र्यांना सायकली टेकवल्या आणि फोटो पाठवला.

काकांनी वही उघडली आणि अर्धा गुण दिला. म्हणे खांबाला टेकवली पाहिजे होती.

"खांब कुठून आणू, काका?"

"ते मला नका सांगू. नियमात खांब आहे."

मिसळ वाढून झाली तरी वाद चालू होता. दुसऱ्या वाटीपर्यंत काका पाऊण गुणावर आले होते.